काचेच्या पोटातली अक्षरे

दिवाळीच्या अंकात भांडण उकरून काढू नये, असा एक शिष्टसंकेत आहे. फराळाच्या ताटात चिवडा असावा, चकली असावी, करंजी असावी. कारल्याची भाजी नसावी. ज्या घरात एकच अंक आजोबांच्या हातून नातीच्या हाती जातो, त्या घरातल्या वाचकांना तर ती मुळीच नको असते. तरीही ह्या वर्षी मला भांडायचे आहे. माझे भांडण कोणा माणसाशी नाही. काचेच्या नावाने सध्या जी एक नवी आरती म्हटली जात आहे, तिच्याशी आहे.

ती आरती अशी : आता साऱ्या चिंता मिटल्या! कागदाला वाळवी लागते, ताडपत्राला कीड लागते, फिल्म चिकटते, फीत विरते, संगणकाची तबकडी दहा-वीस वर्षांत मान टाकते. पण काच अमर आहे. शास्त्रज्ञांनी काचेच्या पोटात अक्षरे लिहिण्याची विद्या साधली आहे. तळहाताएवढ्या चकतीत अख्खे ग्रंथालय मावते. ती चकती जळत नाही, भिजत नाही, गंजत नाही. आणि दिसायला इतकी देखणी की दिवाणखान्यात मांडली तर झुंबराने लाजावे! मग आपल्या पोथ्या, आपली दप्तरे, आपली गाणी एकदा त्या काचेत भरली की वाङ्मय अमर झाले. आणि आपण हात झटकून फराळाला बसायला मोकळे!

ह्या 'मोकळे' शब्दावर माझा सारा रोख आहे. परंतु प्रतिपक्षाचे म्हणणे न मांडताच त्याला झोडपणे मास्तराला शोभत नाही. म्हणून आधी त्याची बाजू सांगतो, आणि पदरचे काही न घालता सांगतो.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तेव्हा जे सांगेन ते मॅट्रिकच्या मुलाला कळेल इतपतच असेल. अत्यंत शुद्ध अशी गारेची काच घ्यावयाची. तिच्यात लेसरचा झोत सोडावयाचा. पण सलग नव्हे, ठोक्याठोक्यांनी. एका सेकंदाचे एक कोटी भाग करावे, आणि त्यांतल्या एकाच भागाचे पुन्हा दहा कोटी भाग करावे. त्या शेवटल्या कणाला फेम्टोसेकंद असे नाव आहे. लेसरचा एक ठोका अशा काही शे कणांपुरताच टिकतो. इतक्या अल्प वेळात काचेला तापून तडकायला सवडच मिळत नाही. झोत जेथे एकवटतो तेथे, काचेच्या पोटात, रेघारेघांची एक अतिसूक्ष्म जाळी उमटते. तिची जागा लांबी, रुंदी आणि खोली अशा तीन अंगांनी सांगता येते. शिवाय तिच्या रेघांची दिशा कोणती आणि तिच्यातून जाणाऱ्या प्रकाशाला ती किती मागे खेचते, ही आणखी दोन अंगे. पाचही अंगांचा उपयोग करून मजकूर साठवितात, म्हणून तिला पंचमितीय साठवण म्हणतात.

२०१२ मध्ये जपानच्या हिताची कंपनीने असा एक काचेचा तुकडा दाखविला आणि तो एक हजार अंशांवर दोन तास तापवूनही त्यातला मजकूर शाबूत राहिल्याचे सांगितले. २३ मे २०१३ रोजी आमच्या नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि आम्ही ती गोष्ट पाहुण्यांना अजून बढाईने सांगतो. त्या काचेपुढे आमचा तो मे महिना म्हणजे महाबळेश्वर! २०१३ मध्येच इंग्लंडमधील साउदम्प्टन विद्यापीठात पीटर कझान्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच अंगांची ही साठवण करून दाखविली. त्यांच्या हिशेबाने एका चकतीत ३६० टेराबाइट मजकूर मावेल. आपल्या हातातले १२८ गिगाबाइटचे सुमारे २,८०० फोन एका चकतीत रिते करावे, तेवढा तो झाला. आणि आयुष्य? १९० अंश उष्णतेत ठेवली तरी १,३८० कोटी वर्षे. विश्वाचे वय शास्त्रज्ञ तेवढेच सांगतात. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने साडेसात सेंटिमीटर चौरस आणि दोन मिलिमीटर जाड अशा काचेत १९७८ सालचा 'सुपरमॅन' हा अख्खा बोलपट उतरविला. ती काच भट्टीत भाजली, उकळत्या पाण्यात टाकली, घासली, आणि बोलपट जसाच्या तसा निघाला.

हे सारे खरे आहे, आणि अचंब्याचे आहे. ज्या मनुष्याला ह्याचे कौतुक वाटत नाही त्याच्याशी मला बोलावयाचे नाही. कौतुक संपल्यावर जे राहते त्याविषयी बोलावयाचे आहे.

*

काच आमच्या घराला नवी नाही. तिचा आणि अक्षराचा संबंधही नवा नाही. चाळिशी उलटल्यावर पोथीवरली ओळ ज्याच्या कृपेने पुन्हा दिसू लागते, तो चष्मा काचेचा. खेड्यापाड्यांत वीज येण्यापूर्वी ज्याच्या उजेडात मुलांनी पाढे घोकले आणि परीक्षा दिल्या, त्या कंदिलाची चिमणी काचेची. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा 'प्रभाकर' कंदील एके काळी महाराष्ट्राच्या ओसरीओसरीवर टांगलेला असे. त्याच्याही आधी, १९०८ मध्ये, तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. अंताजी दामोदर काळे ह्यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागितला. लोकमान्य टिळकांनी त्या कल्पनेला आपले बळ दिले. आणि लोकांनी दिलेल्या त्या पैशा-पैशातून काच ओतली गेली. काचेसाठी आपल्या बापजाद्यांनी असा खिशात हात घातला आहे. तेव्हा काचेचा मी द्वेष करतो, असे कोणी म्हणू नये.

काचेवरली कलाही आपल्याला ठाऊक आहे. अठराव्या शतकात चिनी कारागिरांच्या हातून काचचित्रांची कला पश्चिम भारतात आली आणि पेशवाईतल्या दिवाणखान्यांत रुळली. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात ही चित्रे आजही पाहावयास मिळतात. ह्या कलेची गंमत अशी की चित्र काचेच्या मागल्या बाजूने काढावयाचे आणि पुढल्या बाजूने पाहावयाचे. म्हणजे कागदावरचा क्रम इथे उलटतो. कागदावर आधी चेहरा रंगवून मग डोळ्यातले बुबुळ टिपतात. काचेवर आधी बुबुळ, मग डोळा, मग चेहरा, आणि सर्वांच्या शेवटी पाठीमागचा पडदा. चुकले तर वरून दुरुस्ती नाही, कारण पाहणाऱ्याच्या बाजूला रंगाचा पहिला थर असतो. चितारी उलटे काढी, ते पाहणाऱ्याला सुलटे दिसावे म्हणून.

आणि कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन! १८९२ च्या सुमारास त्यांनी आणि त्यांच्या मुलांनी 'शांबरिक खरोलिका' नावाचा खेळ उभा केला. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगविलेली रामायण-महाभारताची चित्रे, मागे दिवा, पुढे भिंग, आणि समोर पांढरा पडदा. काचा सरकवीत की चित्र हलल्याचा भास होई. सोबत निवेदन आणि संगीत. शंबरासुराच्या मायेवरून घेतलेले ते नाव सार्थच होते. दादासाहेब फाळके ह्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ सालचा. त्याच्या वीस वर्षे आधी मराठी माणूस काचेत साठविलेली गोष्ट अंधारात बसून, शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून पाहत होता. साठवण तीही होती. पण ती पडद्यावर येण्यासाठीच साठविलेली होती.

पुढे फोटोच्या काचा आल्या. जुन्या छायाचित्रकाराच्या वारसाकडे अशी एखादी काच निघाली तर ती नुसती खिडकीसमोर धरा. काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे झालेले असेल, पण पगडी ओळखू येते, नथ ओळखू येते. तिला यंत्र लागत नाही. उजेड आणि डोळा पुरतो.

चष्मा, चिमणी, काचचित्र, खरोलिका, फोटोची काच : ह्या सर्वांची जात एक आहे. त्यांतली काच डोळा आणि वस्तू ह्यांच्यामध्ये उभी राहते ती दाखविण्यासाठी. आता मात्र प्रथमच अशी काच आली आहे की जी आरपार दिसते आणि तिच्यातले काहीच दिसत नाही! तिच्या पोटात बायबल असो की बाजारातला हिशेब, डोळ्याला ती सारखीच. विशेष प्रकाशात धरली तर इंद्रधनुष्यी रंग चमकतात. पण ते रंग मजकुराचे नव्हेत. ग्रंथाच्या बांधणीवरची सोनेरी वेलबुट्टी पाहून ग्रंथाला दाद देणाऱ्या गृहस्थांना आपण हसतो. ह्या काचेला शिल्प म्हणून मान डोलविणारे रसिक दुसरे काय करीत आहेत? देखणी कोठी ही कोठीच असते. ती देखणी आहे असे अवश्य म्हणा. पण तिला कला म्हणावयाचे तर तिने पाहणाऱ्याला काही सांगितले पाहिजे. काचकलावंतांनी ह्या नव्या विद्येपासून प्रेरणा घ्यावी, ह्याला माझी ना नाही. त्या प्रेरणेतून आणखी एक मुकी चकती निघणार असेल, तर मात्र आहे.

*

हे माझे एकट्याचे खूळ नाही, हे त्या शास्त्रज्ञांनीच आपल्या कृतीने कबूल केले आहे. २०२४ मध्ये साउदम्प्टनच्या मंडळींनी मनुष्याचा संपूर्ण जनुकक्रम अशा एका चकतीत लिहिला आणि ती ऑस्ट्रियातील हाल्श्टाट गावाच्या मिठाच्या खाणीत नेऊन ठेवली. पण नेण्यापूर्वी एक प्रश्न पडला : लाखो वर्षांनी ही चकती ज्याच्या हाती लागेल, त्याला आत काय आहे हे कळावे कसे? म्हणून त्यांनी चकतीवर चित्रे काढली. स्त्री-पुरुषाच्या आकृती काढल्या, मूलद्रव्यांची खूण काढली, जनुकाच्या पिळाची आकृती काढली. पंचमितीय साठवणुकीचा एवढा डौल, आणि अखेरीस भिस्त कशावर? गुहेतल्या आदिमानवाने भिंतीवर जे केले त्याच्यावर!

त्याच खाणीत मार्टिन कुन्झे नावाचा मातीकाम करणारा कलावंत २०१२ पासून एक संग्रह रचीत आहे. तो भाजलेल्या मातीच्या फरशांवर मजकूर आणि चित्रे छापतो, आणि ती उघड्या डोळ्यांनी किंवा भिंगाने वाचता येतील अशी ठेवतो. त्याच्या फरशीत ग्रंथालय मावत नाही. पण जी ओळ मावते ती माणसाला दिसते. शास्त्रज्ञाने किती मावेल हे मोजले. कुंभाराने कोण वाचील हे विचारले. मला कुंभार अधिक शहाणा वाटतो.

'संगणक आहेत, ते वाचतील की!' असे उत्तर मला तत्काळ मिळते. बरे तर. १९८६ मध्ये इंग्लंडात, विल्यम राजाच्या 'डूम्सडे बुक' ह्या जमाबंदीच्या ग्रंथाला नऊशे वर्षे झाली म्हणून, बी.बी.सी.ने नवी डूम्सडे तयार केली. देशभरच्या शाळांतील मुलांनी माहिती गोळा केली आणि ती लेसरने वाचावयाच्या तबकड्यांवर भरली. पंधरा-सोळा वर्षांत त्या तबकड्या वाचणारी यंत्रे दुर्मिळ झाली आणि मजकूर सोडविण्यासाठी विद्वानांना कंबर कसावी लागली. १०८६ सालची चामड्यावरली मूळ जमाबंदी मात्र, ज्याला ती लिपी आणि भाषा येते त्याला, आजही वाचता येते.

इतक्या लांब कशाला जा? आमच्या शाळेच्या कपाटात फ्लॉप्यांचा एक डबा आहे. त्यांत काही वर्षांचे निकाल आहेत, स्नेहसंमेलनात मुलांनी लिहिलेल्या नाटुकल्या आहेत. सोनी कंपनीने २०११ मध्ये फ्लॉपी बनविणेच थांबविले. डबा शाबूत आहे, फ्लॉप्यांवरली नावे शाबूत आहेत, आणि आतले एक अक्षर आम्हांला दिसत नाही. त्याच कपाटात त्याहून कितीतरी जुने, शाईने लिहिलेले हजेरीपट आहेत. ते पिवळे पडले आहेत, कोपरे कुरतडलेले आहेत. पण चौथीतले पोर ते खडाखडा वाचते.

वस्तू टिकणे वेगळे आणि वाचता येणे वेगळे, हे आम्हा मराठी माणसांना तरी कोणी शिकवावे लागू नये. मोडीचे काय झाले? तीन-चारशे वर्षे आमचा सारा कारभार मोडीत चालला. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल बांधलेले आहेत. भोसल्यांच्या नागपूरचे कागदही मोडीतच आहेत. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून दप्तरे गोळा करीत हिंडले आणि मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड त्यांनी काढले. कागद आजही आहेत. ज्याच्या पणजोबाने ते लिहिले, तो पणतू मात्र त्यांच्याकडे उंदराच्या पावलांकडे पाहावे तसा पाहतो. ह्यात वाळवीचा काय दोष? कागद टिकला, वाचणारा विरला. उद्या ते सर्व रुमाल गारेच्या काचेत उतरविले, तरी त्या पणतूला ओ की ठो कळणार नाही. फरक इतकाच की आज तो शंभर वर्षे अडाणी राहील. मग १,३८० कोटी वर्षे राहील!

*

विदर्भातल्या वाचकांना तर मी एकच नाव सांगतो : रिद्धपूर. अमरावती जिल्ह्यातल्या ह्या गावी १२७८ च्या सुमारास म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केले. श्रीचक्रधरांच्या आठवणी ज्याच्या-त्याच्या तोंडून ऐकून, कोण बोलले, कोठे बोलले हे पारखून त्यांनी त्या लिहिल्या. मराठी गद्याचा तो आद्य ग्रंथ. पुढे यवनांच्या स्वारीच्या धामधुमीत ती मूळ पोथी गेली, असे परंपरा सांगते. काच नव्हती, नक्कल हाताशी नव्हती. मग ग्रंथ आला कोठून? ज्यांनी तो ऐकला होता, घोकला होता, त्यांच्या मुखातून! शिष्यांनी आठवून आठवून तो पुन्हा लिहिला. म्हणून त्याचे निरनिराळे पाठ झाले, आणि पंडितांना आजतागायत काम मिळाले.

गोष्ट येथे संपत नाही. महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. सकळ लिपी ही त्यांतली प्रमुख. पोथ्या होत्या, नीट बांधलेल्या होत्या, मठांमठांतून जपलेल्या होत्या. आणि बाहेरच्या मराठी जगाला सहाशे वर्षे त्यांचा पत्ता नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी ती लिपी उलगडली, तेव्हा कोठे आपल्याला आपलेच आद्य गद्य भेटले. सहाशे वर्षे त्या पोथ्या मेल्या का नाहीत? मठातल्या एका पिढीने दुसऱ्या पिढीला कानात किल्ली सांगितली म्हणून. ती साखळी एका ठिकाणी जरी तुटली असती, तरी त्या पोथ्या म्हणजे चिन्हांनी भरलेली रद्दी ठरली असती.

आता त्या काचेकडे पुन्हा पाहा. तीही सकळ लिपीच आहे. हजारो पट अवघड. तिची किल्ली एका सूक्ष्मदर्शकात, एका संगणकात आणि बोटांवर मोजण्याइतक्या प्रयोगशाळांत आहे. महानुभावांच्या किल्लीला एक गुरू आणि एक शिष्य पुरत असे. ह्या किल्लीला वीज लागते, कारखाना लागतो, कंपनी लागते. आणि कंपनीचे आयुष्य विश्वाइतके असल्याचे मी अजून कोठे वाचलेले नाही.

*

आता सर्वांत नाजूक प्रश्न. काचेत काय लिहावे, हे ठरविणार कोण? २०१६ मध्ये साउदम्प्टनच्या चकत्यांत काय गेले? मानवी हक्कांचा जाहीरनामा, न्यूटनचा प्रकाशशास्त्रावरचा ग्रंथ, मॅग्ना कार्टा आणि इंग्रजी बायबल. २०१८ च्या फेब्रुवारीत आयझॅक असिमोव्ह ह्यांच्या तीन कादंबऱ्या एका चकतीत भरून, ती एका मोटारीत ठेवून, ती मोटार अग्निबाणाने अंतराळात सोडून दिली. आज ती कादंबरी सूर्याला प्रदक्षिणा घालीत आहे. मी स्वतः कादंबऱ्या लिहितो. त्यांच्या प्रती सीताबर्डीच्या दुकानातूनच लवकर हलत नाहीत, तेव्हा सूर्यमालेतल्या खपाविषयी मी न बोलणे बरे!

ज्यांनी विद्या शोधली त्यांनी आपले ग्रंथ आधी ठेवले, ह्यात त्यांचा काही दोष नाही. लग्न ज्याच्या घरी, त्याचीच वाजंत्री. प्रश्न आपल्याला आहे. उद्या ती काच स्वस्त झाली आणि कोणी आपल्या दारात उभे राहून म्हणाले, 'द्या तुमचे काय असेल ते', तर आपण काय देणार? जे छापलेले आहे ते देऊ. जे छापलेच नाही, त्याचे काय?

बहिणाबाई चौधरी लिहू शकत नव्हत्या. जात्यावर बसून, शेतात काम करता करता त्या गाणी रचीत. घरातल्या माणसांनी त्यांतली काही टिपून ठेवली, म्हणून त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ मध्ये, सोपानदेवांना ती महाराष्ट्रापुढे ठेवता आली. घरात कान देणारा कोणी नसता तर? तर जगातली सारी गारेची काच एकत्र करूनही बहिणाबाईंची एक ओळ त्यात सापडली नसती. आणि हे एका घरात झाले. वऱ्हाडात, झाडीपट्टीत, खानदेशात, कोकणात अशा किती बहिणाबाई जात्याबरोबर गेल्या असतील! आजही झाडीपट्टीतल्या दंडारीची गाणी, वऱ्हाडी म्हाताऱ्यांच्या म्हणी, यवतमाळकडल्या कोलामांच्या गोष्टी ज्यांच्या ओठांवर आहेत, त्यांचे वय काय आहे ते जरा पाहून या. त्यांना काच नको आहे. त्यांना समोर बसून ऐकणारे कोणी हवे आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपण पेढे वाटले. त्याच वर्षी रिद्धपूरला मराठी भाषेचे विद्यापीठ सुरू झाले. ही तर फार चांगली गोष्ट झाली. पण त्याच मराठीतला एक परिच्छेद माझ्या वर्गातल्या मुलाला मोठ्याने वाचावयास सांगितला की तो जोडाक्षराशी अडखळतो. त्याच्या घरात मराठी पुस्तक नाही, वर्तमानपत्र बंद झालेले आहे, आणि आजीच्या गोष्टीची जागा फोनने घेतली आहे. मुलगा हुशार आहे. फोन लीलया चालवितो. हे सारे चालू असताना आपण एका परदेशी काचेकडे बोट दाखवून 'आता मराठी अमर झाली' म्हणणार असू, तर ते घरात पोर उपाशी ठेवून त्याच्या नावाने बँकेत लाख वर्षांची ठेव काढण्यासारखे होईल.

*

'अहो मास्तर, दोन्ही करू या ना! काचेतही ठेवू आणि वाचूही!' असे म्हणणारे समंजस लोक आहेत, आणि त्यांचे म्हणणे मला तत्त्वतः मान्य आहे. परंतु माणसाचा स्वभाव मला ठाऊक आहे. वस्तू सुरक्षित ठिकाणी पोहोचली असे एकदा वाटले, की तिच्याकडे पाहावयाचे आपण सोडून देतो. बँकेच्या तिजोरीतला दागिना कोण रोज घालतो?

आणि सुरक्षित ठिकाण म्हणजे तरी काय? अजिंठ्याची चित्रे विरत चालली म्हणून १८४४ पासून मेजर रॉबर्ट गिल लेण्यांत राहून त्यांच्या मोठमोठ्या प्रतिकृती काढू लागला. आयुष्याची कित्येक वर्षे त्याने त्यात घातली. त्या प्रतिकृती लंडनजवळच्या सुप्रसिद्ध क्रिस्टल पॅलेसमध्ये, म्हणजे काचेच्या महालात, मांडल्या. आणि १८६६ च्या डिसेंबरात आगीत त्यांतल्या बहुतेक जळून गेल्या. पुढे १८७२ ते १८८५ ह्या काळात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स ह्यांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून पुन्हा नकला करून घेतल्या. त्याही लंडनला गेल्या, आणि १८८५ च्या आगीत त्यांतल्या पुष्कळ खाक झाल्या. सुरक्षित म्हणून सातासमुद्रापार नेलेल्या नकला गेल्या. वाघुर नदीच्या काठची मूळ भिंत, खरवडलेली का होईना, अजून उभी आहे, आणि एस. टी.च्या गाडीतून उतरलेला शाळकरी पोरगा आजही पद्मपाणीसमोर उभा राहू शकतो. नकला करू नयेत, असे मी म्हणत नाही. गिलचे ऋण मी मानतो. नक्कल झाली की मुळाची जबाबदारी संपली, ही समजूत मला मोडावयाची आहे.

म्हणून माझे मागणे तीन प्रकारचे आहे.

पहिले कलावंतांकडे. काचेत अक्षर लिहावयाचे तर ते दिसेल असे लिहा. एकाच काचेत वर डोळ्याला वाचता येईल अशी मोठी ओळ, तिच्याखाली भिंगाने दिसेल अशी बारीक ओळ, आणि सर्वांत खोल यंत्राने वाचावयाचा साठा, अशी उतरंड का रचू नये? खाणीतल्या त्या चकतीवर शास्त्रज्ञांनी नाइलाजाने जी चित्रे काढली, ती तुम्ही आवडीने काढा. पहिली पायरी डोळ्यासाठी ठेवा, म्हणजे पुढल्या पायऱ्या शोधण्याची बुद्धी पाहणाऱ्याला होईल.

दुसरे संस्थांकडे. काचेच्या, तबकडीच्या, आणि उद्या आणखी कशाच्या योजना आखाल, त्या प्रत्येक योजनेत वाचणारा तयार करण्याचा खर्च आधी धरा. हजार मोडी कागदांचे फोटो काढण्यापूर्वी गावातल्या दहा मुलांना मोडी शिकवा. ती दहा मुले पुढे शंभर कागद वाचतील, आणि कोणते हजार ठेवण्याजोगे आहेत हेही तीच सांगतील.

तिसरे मागणे ह्या अंकाच्या वाचकांकडे, आणि ते अगदी किरकोळ आहे. दिवाळीत घर भरलेले असते. पाडवा आणि भाऊबीज ह्यांच्या मध्ये एक दुपार रिकामी सापडतेच. त्या दुपारी घरातल्या सर्वांत वडील बाईजवळ एका मुलाला वही देऊन बसवा. ओवी असो, उखाणा असो, सुंद्रीची भाजी रांधण्याची तिची रीत असो, की कोणत्या साली कोणत्या नदीला पूर आला होता ही आठवण असो. ती बोलेल ते त्या मुलाने आपल्या हाताने, मराठीत लिहावे. शुद्धलेखन चुकेल, चुकू द्या. आणि दिवे लागल्यावर ते त्यानेच सर्वांसमोर मोठ्याने वाचावे. ती वही शंभर वर्षेसुद्धा टिकणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्या एका संध्याकाळी घरात एक लिहिणारा, एक वाचणारा आणि दहा ऐकणारे तयार होतील. आणि काचेत भरावयाचे ते काय, हे निदान त्या घराला तरी कळलेले असेल.

काच टिकेल, ह्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तिची काळजी करणारी मोठमोठी विद्यापीठे आणि कंपन्या समर्थ आहेत. वहीची काळजी करणारे मात्र आपणच आहोत, आणि दिवाळीची सुटी फार दिवसांची नसते.